झाड लावले, पुढे काय?



जून लागला की आपल्या शहरातल्या वर्तमानपत्रांची पाने हिरवी होऊ लागतात. ५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन, पाठोपाठ पहिला पाऊस, मग १ जुलैपासून वनमहोत्सवाचा सप्ताह. या दिवसांत रोज एक छायाचित्र ठरलेले असते. मधोमध हातभर उंचीचे रोप, त्याच्याभोवती सात-आठ जण, प्रत्येकाचा एक हात रोपाला किंवा निदान शेजारच्याच्या हाताला लागलेला, आणि सगळ्यांचे डोळे मात्र कॅमेऱ्याकडे. शाळा, बँका, महिला मंडळे, राजकीय पक्ष, सगळे त्या छायाचित्रांत असतात. आपणही असतो.

हे थट्टेने लिहीत नाही. माझ्या पिढीच्या लहानपणी पर्यावरण हा शाळेच्या पुस्तकातला शेवटून दुसरा धडा असे आणि बहुधा परीक्षेला येत नसे. आज तो पहिल्या पानावर आला आहे, वाहिन्यांवर आला आहे, मुलांच्या मोबाईलवर आला आहे. त्याचा उपयोगही झाला आहे. २०२०-२१ मध्ये अजनीच्या रेल्वे वसाहतीतली हजारो जुनी झाडे एका मोठ्या वाहतूक केंद्रासाठी तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा शहरातली तरुण मुले तिथे जमली, लोक न्यायालयात गेले, आणि 'अजनी वन' हे नाव महिनोन्‌महिने बातम्यांत राहिले. तो प्रकल्प मूळ स्वरूपात झाला नाही. बातम्या आल्या नसत्या तर त्या झाडांना नावही मिळाले नसते. तेव्हा माध्यमांना हिरवळीची आवड लागली याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

प्रश्न वेगळा आहे. ज्या गोष्टीची बातमी होते आणि ज्या गोष्टीने पृथ्वी टिकते, त्या दोन्ही एकच आहेत का?

बातमीचा स्वभाव पाहा. तिला काहीतरी घडावे लागते, आणि ते आजच घडावे लागते. उद्‌घाटन ही बातमी आहे, विक्रम ही बातमी आहे, दुर्घटना ही बातमी आहे. पर्यावरणाच्या संदर्भात आपण ज्याला 'शाश्वत' म्हणतो, त्याचा स्वभाव नेमका उलटा. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची कल्पना जगापुढे ठेवली, तिचा गाभा साधा होता: आपल्या गरजा अशा भागवाव्यात की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या भागवता याव्यात. म्हणजे टिकणे. टिकणे ही घटना नाही. 'कडुनिंबाचे ते झाड आजही जगले' असा मथळा कोणी छापणार नाही, आणि छापला तरी आपण वाचणार नाही. दोष एकट्या वार्ताहराचा नाही. नव्याची ओढ आपल्या मनात आहे, तो फक्त ती ओळखून आहे.

याचे एक गमतीदार उदाहरण आपल्याच गावात घडले. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. बघता बघता ती बातमी देशभर आणि देशाबाहेरही पोहोचली. हवामान खात्याने तपासले, तर यंत्रातला संवेदक बिघडलेला होता. त्या दिवशीचे खरे तापमान ४५ च्या आसपास होते. आता ४५ अंश म्हणजे काही थोडे नाही. त्यात रिक्षा ओढणारा, रस्त्यावर डांबर टाकणारा, पत्र्याच्या खोलीत बाळंतीण घेऊन बसलेली आई, यांचे काय होते ते आपण जाणतो. पण ते दरवर्षी होते, म्हणून ती बातमी नाही. खोटे ५६ जगभर गेले, खरे ४५ इथेच राहिले.

आपल्या शहराला 'देशात पहिले' होण्याची हौस आहे आणि तिचे मला कौतुकही वाटते. २०१४ मध्ये इथे इथेनॉलवर चालणारी हरित बस आली. हिरव्या रंगाची, वातानुकूलित, देशातली पहिली. पुढे तिच्या सोबतीला आणखी बसगाड्या आल्या. करारातल्या आणि देण्याघेण्याच्या प्रश्नांवर गाडे अडले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती सेवा बंद पडली. २६ मे २०१७ रोजी विजेवर चालणाऱ्या टॅक्सींचा मोठा ताफा इथे सुरू झाला, तोही देशात पहिला म्हणून गाजला. वर्षभराच्या आत काही चालक म्हणू लागले की ही गाडी परत घ्या, आम्हाला डिझेलची द्या. चार्जिंगच्या ठिकाणी तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागे, आणि रांगेत उभ्या गाडीला भाडे मिळत नाही. गाडी बॅटरीवर चालत होती, घर त्या चालकाच्या रोजच्या कमाईवर चालत होते.

बस वाईट होती किंवा टॅक्सी वाईट होती असे यातून निघत नाही. दोन्ही कल्पना चांगल्या होत्या, आणि विजेच्या गाड्या आज रस्त्यावर दिसतात त्यामागे अशा पहिल्या धडपडीही आहेत. मला खटकते ते एवढेच की शुभारंभाच्या दिवशी व्यासपीठावर असलेल्यांचे काही गेले नाही. रांगेत उभा राहिला तो चालक. पर्यावरणाच्या प्रत्येक चांगल्या कल्पनेत एक माणूस असा असतो, ज्याच्या अंगावर तिचा रोजचा भार पडतो. छायाचित्रात तो सहसा नसतो.

झाडांचेही तसेच आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी रोपे लावण्याचा संकल्प केला. आकडे प्रचंड होते, मोहिमेत शाळकरी मुलांपासून निवृत्तांपर्यंत असंख्य लोक उतरले. २०२१ मध्ये या लागवडीची चौकशी करण्यासाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमण्याची वेळ आली, म्हणजे वाद पेटला तो 'किती लावली' यावर नव्हे, 'किती उरली' यावर. राजकारणात मला शिरायचे नाही. मी फक्त विदर्भातल्या एका रोपाचे वर्ष तुमच्यापुढे ठेवतो.

जुलैत रोप लावणे सोपे असते. माती मऊ, आकाश ढगाळ, पाणी वरून पडते. दिवाळीपर्यंत ते बरे दिसते. डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबते. फेब्रुवारीत आळ्यातली माती कडक होऊ लागते, काळी जमीन असेल तर तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून मुळांजवळची ओल उडून जाते. मार्चमध्ये रस्त्यावरच्या गाई-बकऱ्यांना दुसरे हिरवे काही दिसत नाही. एप्रिलमध्ये गरम वारे सुरू होतात. मेच्या शेवटी नवतपा. आपल्या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, आणि त्या उन्हात सावली देणारे मोठे झाडसुद्धा पाने टाकते, तिथे वर्षभराच्या रोपाची काय कथा. त्याला दोन-तीन दिवसांआड बादलीभर पाणी लागते, संध्याकाळी, बुंध्याशी. आळ्यात पालापाचोळा अंथरावा लागतो. बुडाला बारीक भोक पाडून त्यात वात घातलेले मडके शेजारी पुरले तर थोड्या पाण्यात निभते. आपल्या खेड्यांतले लोक हे जाणतात. आणि हे एक उन्हाळा नव्हे, निदान तीन उन्हाळे करावे लागते. चौथ्या वर्षी कडुनिंब किंवा करंज आपल्या पायावर उभे राहते.

म्हणजे झाड लावण्याचे काम दहा मिनिटांचे आणि जगवण्याचे काम हजार दिवसांचे. त्या हजार दिवसांत कॅमेरा एकच दिवस येतो.

इथे कोणी म्हणेल, फादर, ज्याने छायाचित्रासाठी झाड लावले त्याचे पुण्य कशात धरायचे? प्रश्न जुना आहे. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवणाऱ्यांविषयी जे सांगितले ते आपण राखेच्या बुधवारी दरवर्षी ऐकतो. संत थॉमस अक्वायनस यांनी कृतीचे मोल ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात असे शिकवले: कृती मुळात कोणती, ती कोणत्या हेतूने केली, आणि कोणत्या परिस्थितीत. हेतू दिखाव्याचा असला तर चांगली कृतीही करणाऱ्यापुरती नासते.

परंतु झाडाच्या बाजूने विचार केला तर? करंजाला त्याला लावणाऱ्याचा हेतू ठाऊक नसतो. दांभिकाने घातलेले पाणीही मुळांना पाणीच असते. त्याच्या सावलीत बसणारा भाजीवाला 'हे कोणी कोणत्या मनाने लावले' असे विचारत नाही. मग हेतूची चिकित्सा हा धर्मगुरूंचा आणि तत्त्वज्ञांचा रिकामा उद्योग आहे का?

मला तसे वाटत नाही, आणि माझे कारण मनाच्या शुद्धीशी संबंधित नाही, मे महिन्याशी आहे. ज्याने छायाचित्रासाठी रोप लावले त्याचे काम छायाचित्र निघताच पूर्ण झाले. त्याला मे महिन्यात बादली उचलण्याचे काहीच कारण उरत नाही. ज्याला झाडच हवे होते त्याचे काम मात्र अजून संपलेले नाही. जुलैत दोघे अगदी सारखे दिसतात. त्यांच्यातला फरक ना पाहुण्यांना कळतो ना वार्ताहराला. दहा महिन्यांनी तो रोपावर दिसतो. हेतू ही माणसाच्या आत दडलेली आणि देवालाच ठाऊक असणारी गोष्ट आहे असे आपण समजतो, पण पुरेसा काळ जाऊ दिला तर हेतू बाहेर येतो.

हे सांगताना आपल्या घरातले उदाहरण झाकून ठेवणे बरे नव्हे. २००७ मध्ये एका कंपनीने व्हॅटिकनला एक देणगी देऊ केली. हंगेरीत व्हॅटिकनच्या नावाने जंगल लावायचे, ते वाढून व्हॅटिकनच्या धुराची भरपाई करील, आणि व्हॅटिकन हे जगातले पहिले कार्बनमुक्त राष्ट्र ठरेल. देणगी स्वीकारली गेली, समारंभ झाला, बातमी जगभर गाजली. २०१० मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्राने शोध घेतला, तेव्हा तिथे जंगल उभे राहिलेच नव्हते. जी झाडे लावायची होती ती लावलीच गेली नाहीत. दुसरीकडे, २००८ मध्ये व्हॅटिकनमधल्या सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर दोन हजारांहून अधिक सौर तावदाने बसवली गेली, ती आपले काम करीत राहिली. त्या छपरावर रोज ऊन पडते याची पुन्हा बातमी झाली नाही.

या गोष्टीत पत्रकारांना मान द्यायला हवा. समारंभाला गेले ते पत्रकारच, आणि तीन वर्षांनी झाडे मोजायला गेले तेही पत्रकारच. बातमीला राखणदारी करता येत नाही असे नाही. त्यासाठी तिने परत फिरून यावे लागते. आपल्याकडच्या किती उद्‌घाटनांकडे कोणी तीन वर्षांनी परत गेले असेल, ते तुम्हीच आठवून पाहा.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तेव्हा त्याला दोन कामे नेमून देतो: मशागत आणि राखण. पहिल्या शब्दावर आपण शतकानुशतके भर दिला. खणणे, नांगरणे, धरणे बांधणे, कोळसा काढणे, सगळे मशागतीत बसवले. राखण हा शब्द तसाच पडून राहिला. मराठीत त्याची छटा फार चांगली आहे. राखणदार म्हटले की डोळ्यांपुढे मचाणावर रात्र काढणारा माणूस येतो. पीक त्याने पेरलेले नसते कदाचित, मालकीही त्याची नसते. त्याचे काम जागे राहणे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मे २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले, त्यात हीच आठवण करून दिली, आणि जोडीला हेही सांगितले की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत. नागपुरात राहणाऱ्याला त्यासाठी ॲमेझॉनच्या जंगलापर्यंत जावे लागत नाही. कोराडी पुरेशी आहे.

त्याआधी पौर्णिमेविषयी सांगतो. आपल्या शहरात अनिल सोले महापौर असताना (२०१२ ते २०१४) त्यांच्या कल्पनेतून पौर्णिमा दिवसाचा उपक्रम निघाला. पौर्णिमेच्या रात्री ८ ते ९ या वेळात अनावश्यक दिवे बंद ठेवायचे. ग्रीन व्हिजिल फाउंडेशनचे तरुण कार्यकर्ते चौकाचौकांत उभे राहून दुकानदारांना विनंती करीत, महापालिका त्या भागातले पथदिवे तासभर मालवी. सिडनीत २००७ मध्ये सुरू झालेला 'अर्थ अवर' वर्षातून एकदा येतो. आपल्या माणसांनी त्याला चंद्राची जोड दिली आणि तो दरमहा आणला. मला ही कल्पना मनापासून आवडते.

तिच्यावर टीका करणारे हिशेब मांडतात, आणि तो मांडायलाच हवा. समजा तुमच्या घरात दहा-दहा वॉटचे सहा दिवे आहेत. तासभर बंद ठेवले तर ०.०६ युनिट वाचते. कोराडीच्या वीज केंद्रातले ६६० मेगावॉटचे तीन संच पूर्ण क्षमतेने चालले तर त्याच तासात १९ लाख ८० हजार युनिट वीज तयार होते. हत्तीच्या पाठीवरून मुंगी उतरली, एवढाच फरक.

तरीही पौर्णिमेचा तास वाया गेला असे मी म्हणणार नाही. ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते की माणूस सद्गुणी होतो तो एखाद्या मोठ्या कृतीने नव्हे, लहान कृती पुन्हा पुन्हा केल्याने. वीणा वाजवूनच वीणावादक होता येते. वर्षातून एकदा पाळलेला दिवस हा सोहळा असतो. दर महिन्याला पाळलेला तास सवय होऊ शकतो. बटणाकडे गेलेला हात पुढच्या वेळी न सांगता जातो. वाचलेली वीज क्षुल्लक असेल, पण त्या तासाची घडण योग्य आहे: तो परत येतो. धोका एकच, की तेवढ्यावर मन तृप्त व्हावे आणि रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी दोन खोल्यांतले एसी सुरू करताना काही टोचू नये.

आता कोराडी. कोळशापासून एक युनिट वीज काढायला ढोबळमानाने सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण फार, साधारण तिसरा हिस्सा. म्हणजे एका युनिटमागे दोनशे ग्रॅमहून अधिक राख, जवळजवळ एक ओंजळ. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची सगळी वीज कोळशाची धरली, तर त्याच्या नावावर महिन्याला चाळीस-पन्नास किलो राख निघते. सिमेंटच्या पोत्याइतकी. आपल्या दारात ते पोते कोणी आणून टाकत नाही, म्हणून वीज आपल्याला स्वच्छ वाटते. ते पोते पडते कोराडी, खापरखेडा, वारेगाव, नांदगावच्या दारात. त्यातली काही राख सिमेंटला आणि विटांना जाते. बरीचशी पाण्यात कालवून नळांतून बंधाऱ्यांत सोडतात. उन्हाळ्यात बंधारा वाळला की ती वाऱ्यावर उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पानावरच्या भातावर, संत्र्याच्या पानांवर बसते. पावसाळ्यात भीती वेगळी. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत पसरला.

राखेच्या बुधवारी आपण कपाळावर चिमूटभर राख लावून घेतो आणि स्वतःला मातीची आठवण करून देतो. संध्याकाळपर्यंत ती पुसून जाते. कोराडीच्या पलीकडे राहणाऱ्यांना ती आठवण बाराही महिने पुरवली जाते, आणि ती आपल्या पापांची असते.

२९ मे २०२३ रोजी कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी जनसुनावणी झाली. विरोध करणारे होते, पाठिंबा देणारेही होते. पाठिंबा देणाऱ्यांना पर्यावरणाचे शत्रू ठरवणे सोपे आहे. पण ज्याच्या घरात कमावणारा नाही, त्याला राखेपेक्षा रिकामा डबा जास्त भितो. आपण शहरात बसून स्वच्छ हवेवर लेख वाचतो, आणि तो लेख ज्या दिव्याखाली वाचतो तो दिवा त्याच्या उंबऱ्यावरून येतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात शास्त्र्याने येशूला विचारले होते की माझा शेजारी कोण. विजेच्या तारेने त्याचे उत्तर आपल्यासाठी तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत लांबवले आहे.

या सगळ्यात एक चांगली गोष्ट आहे, आणि ती चांगली असूनही फारशी कोणाला ठाऊक नाही. वीज केंद्राला पाणी प्रचंड लागते. ते पाणी पेंचमधून घेतले तर शहराच्या आणि शेताच्या वाट्याचे कमी होते. आपल्या महापालिकेने आणि महानिर्मितीने करार करून एक वाट काढली. शहराचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करायचे आणि नळाने वीज केंद्राकडे न्यायचे. सुरुवातीला दररोज १३ कोटी लिटरची योजना होती, नंतर ती वाढली. सांडपाणी इतक्या मोठ्या प्रमाणावर पुन्हा वापरणारी शहरे देशात फार नाहीत. तुमच्या-माझ्या न्हाणीघरातले पाणी कोराडीच्या कामी येते आणि तेवढे पेंचचे पाणी धरणात राहते. अर्थात त्याने कोळसा जळायचा थांबत नाही, आणि शुद्ध न झालेले उरलेले सांडपाणी नाग नदीतून कन्हान, तिथून वैनगंगा आणि गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जातच राहते. पवनीकडच्या कोळी बांधवांनी आपल्याला ते विचारले तर आपल्याजवळ उत्तर नाही. तरी भांडेवाडीचे पंप रात्रंदिवस चालतात ही राखणदारीच आहे. तिथे रोप धरून उभे राहायला कोणी जात नाही, वास येतो.

भांडेवाडीचे नाव निघाले म्हणून कचरा वेचणाऱ्या बायांचाही उल्लेख केला पाहिजे. शहराचे प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा, काच त्या हाताने निवडतात, भंगारवाल्याकडे नेतात, आणि तिथून ते कारखान्यात परत जाते. 'पुनर्वापर' हा शब्द पाठ्यपुस्तकात येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू आहे. त्यांना कोणी हरित म्हणत नाही. ओला आणि सुका कचरा घरात वेगळा ठेवला तर त्यांच्या हाताला सडलेल्या अन्नात काच शोधावी लागत नाही. पर्यावरणासाठी नको वाटत असेल तर त्या हातांसाठी तरी करावे.

आता आपल्या धर्मग्रामाचे. सणाच्या दिवशीच्या सामुदायिक जेवणाचा विषय परिषदेपुढे आहे. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे. आपण त्या सोडल्या आणि कागदी ताटल्या घेतल्या. त्या कागदाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो कागद कागदासारखा कुजत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र आपण सुधारलो असे वाटते. पळसाच्या पत्रावळी हव्यात असे काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे. त्या मिळाल्या तर उत्तमच, परंतु चारशे-पाचशे माणसांना पुरतील इतक्या वेळेवर मिळतील याची खात्री नाही. दुसरा पर्याय स्टीलच्या ताटांचा. ताटे भाड्याने मिळतात, ती काही अडचण नाही. मिस्सानंतरच्या बैठकीत यावर सर्वांचे एकमत झाले आणि टाळ्याही पडल्या.

मग एका मावशींनी विचारले, "ताटं घासणार कोण?"

त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. आजवर प्रत्येक सणाला मोठी पातेली कोणी घासली, ते त्यांना पाठ आहे. पुरुष मंडळी झाडे लावताना पुढे असतात, आणि नळाशी कोण बसते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ताटांची राखण त्याच चार-पाच बायकांच्या पाठीवर टाकून धर्मग्राम हरित झाला असे जाहीर करायचे असेल, तर तो चालक रांगेत उभा राहिला होता तशाच ह्या नळाशी बसतील.

म्हणून ठरले ते असे. ताटे घासणे, पुसणे आणि मोजून परत करणे यासाठी तीन तुकड्या करायच्या, प्रत्येकीत दहा जण. आवारातल्या रोपांना मार्च ते जूनपर्यंत पाणी घालण्यासाठी आठवड्याचे वार वाटून घ्यायचे. दोन्ही याद्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावल्या आहेत. रोपांच्या यादीत सोमवार, गुरुवार आणि शनिवार भरले आहेत. ताटांच्या यादीत हे लिहीपर्यंत एकोणीस नावे आली असून त्यांत पुरुषांची दोन आहेत, त्यातले एक माझे.